आधी पिण्याचं पाणी, मग वीज

उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या आटतात, पण आमच्या चिपळूणची वाशिष्ठी वाहत असते. ते पाणी कोयनेचं. सह्याद्रीतल्या बोगद्यांतून ते खाली येतं, वीज तयार करतं, वाशिष्ठीत पडतं आणि बरंचसं दाभोळच्या खाडीतून समुद्रात जातं.

कोयना धरणाची क्षमता सुमारे 105 टीएमसी. त्यातलं वर्षाला 67.5 टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायची मुभा कृष्णा लवादाने दिली आहे. धरण भरलं तर कुणाची तक्रार नसते. पाऊस कमी झाला की सांगली-साताऱ्याची शेती आणि वीज यांच्यात ओढाताण सुरू होते.

माझं मत सरळ आहे. वीज उन्हापासूनही मिळते, पाणी मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये साठा मोजून पुढच्या जूनपर्यंतचा हिशेब जाहीर करावा. तूट असेल तर पिण्याचं पाणी आधी राखून ठेवावं आणि कोयनेची वीज फक्त संध्याकाळी, मागणी वाढते तेव्हा घ्यावी.

मित्रांनो, आमच्या दारावरून वाहून जाणारं पाणी घाटावरच्या कुणाच्या तरी वाट्याचं असतं. हे आम्ही चिपळूणकरांनीच आधी बोलायला हवं.