परवाना कोणाच्या हाती?

वसतिगृहात भेटीस येणारे पालक अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात: आमचे मूल संगणक अभियंता झाले, तर त्याला परदेशी नोकरीचा व्हिसा मिळेल का? महाड-पोलादपूरच्या माणसाला पोटासाठी गाव सोडणे नवे नाही. डोंगरकपारीच्या वाड्यांतून मागच्या पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेल्या. परंतु मुंबईत राहण्यासाठी त्यांना कोणाचा परवाना लागला नाही. परदेशात तो लागतो. म्हणूनच व्हिसा मिळेल का, याबरोबर तो कोणाच्या हाती राहील, हेही विचारले पाहिजे, असे आमचे मत आहे.

अमेरिकेचा एच-१बी व्हिसा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. इच्छुक कितीतरी अधिक असल्याने सोडत काढावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर परदेशातून आणावयाच्या नव्या कर्मचाऱ्यामागे एक लाख डॉलर भरण्याचा आदेश निघाला. मुख्य गोष्ट अशी की, हा अर्ज कर्मचारी करीत नाही, कंपनी करते. नोकरी सुटली तर दुसरी कंपनी शोधण्यास फार तर ६० दिवस मिळतात. कंपनीच्या अंतर्गत बदलीचा एल-१ व्हिसा याहून घट्ट आहे; त्यावर दुसऱ्या कंपनीत जाताच येत नाही.

इतरत्र वाटा निराळ्या आहेत. जर्मनीने नोव्हेंबर २०२३ पासून पदवी नसलेल्या, परंतु किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्या संगणक तज्ज्ञांनाही ठराविक पगाराच्या अटीवर ब्लू कार्डचे दार उघडले. जून २०२४ पासून तेथे नोकरी शोधण्यासाठी एक वर्षापर्यंत राहण्याचे संधी-कार्डही मिळते. त्यासाठी मान्य शिक्षण, भाषा आणि खर्चाची तरतूद लागते. कॅनडात २०१५ पासून वय, शिक्षण, भाषा व अनुभवाच्या गुणांवर थेट कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. या शेवटच्या दोन वाटांवर अर्जदार स्वतःच्या नावाने उभा असतो.

कोणी म्हणेल, गरिबाने अटी काय पाहाव्यात, मिळेल ते घ्यावे. याला उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, ते दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याच्या करारावर. ती संधी त्यांनी नाकारली नाही, तिचे सोने केले. परंतु १९१७ मध्ये करारानुसार बडोद्यास रुजू झाल्यावर त्यांना राहावयास जागा मिळेना आणि ती नोकरी सोडावी लागली. विद्या त्यांची स्वतःची होती. डोक्यावरचे छप्पर मात्र दुसऱ्यांच्या हाती होते. १९२० मध्ये ते लंडनला परतले, तेव्हा स्वतःच्या पगारातील शिल्लक त्यांच्या गाठीशी होती.

जात समुद्र ओलांडते, हेही आता उघड आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदास बंदी करणारा कायदा केला. तथापि, ज्याचे वास्तव्य कंपनीच्या मर्जीवर आहे, तो तक्रार करण्यापूर्वी दहा वेळा विचार करील. महाडकरांना हे वेगळे सांगावयास नको. नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्ये ठरावाने खुले केले. पण पाण्याला हात लागण्यास २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय १९३७ मध्ये आला. कागदावरचा हक्क आणि वापरता येणारा हक्क यांत किती अंतर असते, हे आपल्या गावाने मोजले आहे.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. करारावर सही होण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: अर्ज कोणाच्या नावाने आहे, नोकरी सुटली तर किती दिवस राहता येईल, आणि मालक बदलता येईल का? एच-१बीच्या अर्जाचा खर्च कंपनीने सोसावयाचा असतो. त्यासाठी जमीन गहाण ठेवू नका. एजंटकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नोंदणी मागा. आणि परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांनो, देणगी अवश्य पाठवा. पण त्याबरोबर वर्षातून एक तास या मुलांना आपला करार कसा वाचला, हेही सांगा. आमच्या मुलांनी दूर जावे, हीच आमची इच्छा आहे. मात्र जाताना परतीची आणि पुढची, दोन्ही वाटा त्यांच्या स्वतःच्या हाती असाव्यात.