एकाची जळते दाढी...

मंडळी, आजचा शनिवारचा लेख दाढीवर. हसू नका, या दाढीपायी आपल्या राज्यात एकाची नोकरी अडकली.

राज्य राखीव पोलीस दलाच्या जालन्यातल्या एका मुस्लिम शिपायाला 2012 मध्ये नीट कातरलेली दाढी ठेवायला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी ती काढूनही घेतली. त्याने ऐकलं नाही, मग निलंबन. डिसेंबर 2012 मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं, दाढी फक्त रमझानसारख्या काळात ठेवा, कामावर घेऊ. तो नाही म्हणाला. 2024 मध्येही प्रकरण कोर्टातच होतं.

आमच्या विंझरात कुणाच्या मिशीला हात घालून बघा, इज्जत म्हणजे काय ते लगेच कळेल. इस्लामी कायद्याने ही इज्जत चक्क मोजली. 'हिदाया' हा बाराव्या शतकातला हनफी ग्रंथ. त्यानुसार दुसऱ्याची दाढी पुन्हा न उगवेल अशी काढली, तर पूर्ण 'दियत', म्हणजे एका जिवाएवढी भरपाई! कारण? माणसाचं रूप हिरावलं. शाफई आणि मालिकी पंथात रक्कम ठरीव नाही, काझी ठरवतो.

पण स्वतःची दाढी स्वतः काढली तर? हनफी परंपरेत ते निषिद्ध. शाफई पंथातल्या अनेकांच्या मते फक्त नापसंत. आपले कोकणी मुसलमान शाफईच. म्हणजे धर्म एक, उत्तरं दोन.

आणि आपली कोर्टं विचारतात काय? 'दाढी धर्मात सक्तीची आहे का?' 2016 मध्ये हवाई दलाच्या खटल्यात वकिलाने प्रामाणिकपणे सांगितलं की याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. याचिका फेटाळली गेली. बोला! कट्टर उत्तर दिलं असतं तर केस मजबूत झाली असती. हे कसलं लॉजिक?

माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. 'सक्तीची आहे का' हे नागरिकाने सिद्ध करायचं नाही. 'कामात अडचण काय' हे सरकारने सिद्ध करायचं. अमेरिकेत नेवार्कच्या पोलिसांत त्वचेच्या आजारासाठी दाढी चालायची, धर्मासाठी नाही. 1999 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने साधं विचारलं: आजाऱ्याच्या दाढीने शिस्त बिघडत नाही, मग श्रद्धावानाच्या दाढीने कशी बिघडते? आपल्याकडेही शीख जवान दाढीसह सीमेवर उभा असतो. शिस्त कुठे बिघडली?

'गणवेश म्हणजे गणवेश' म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो. गॅस मास्क नीट बसत नसेल तर तिथे जरूर बंदी घाला. पण कारण सांगा.

आणि हो, तालिबानने 2024 च्या कायद्यात मुठीपेक्षा छोट्या दाढीला मनाई केली. तिथे ठेवायची सक्ती, इथे काढायची. एकाची जळते दाढी, दुसरा पेटवू पाहतो विडी, तसे दोन्हीकडचे पुढारी यावर शेकून घेतात. हनुवटी मात्र ज्याची त्याची असते. सरकारने तिथे वस्तरा घेऊन यायचं असेल, तर आधी कारण घेऊन यावं.