पिल्लू आईजवळ राहू द्या

जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही आता चिमुकल्या विदेशी जातींची कुत्री दिसू लागली आहेत. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातल्या टफीने पांढऱ्या केसाळ कुत्र्याची हौस लावली. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीने पगची लाट आणली. अलीकडे मोबाईलवरची चित्रे पाहून शिह त्झूची मागणी होते. हौसेला माझा विरोध नाही. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतोच. परंतु या हौसेचे मोल ज्या जिवाला द्यावे लागते, त्याला बोलता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने चार शब्द लिहिणे हे पशुवैद्य या नात्याने मी माझे कर्तव्य समजतो.

माझे म्हणणे सरळ आहे. आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय कोणत्याही जातीचे पिल्लू घरी आणू नये, आणि टॉय जातीचे असेल तर दहा ते बारा आठवडे थांबावे. बाजारात मात्र महिन्या-सव्वा महिन्याचे पिल्लू 'पंचेचाळीस दिवसांचे' म्हणून हातात ठेवले जाते. वास्तविक पंचेचाळीस दिवस म्हणजे जेमतेम साडेसहा आठवडे. २०१७ च्या केंद्र सरकारच्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकताच येत नाही. पण नियम कागदावर आणि पिल्लू खोक्यात, अशी स्थिती आहे.

हा आग्रह कशासाठी, हे समजण्यासाठी पिल्लाची वाढ कशी होते ते पाहू.

सुमारे ६३ दिवस गर्भात राहून पिल्लू जन्मते तेव्हा त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. चिवावासारख्या जातीचे पिल्लू त्या वेळी शंभर-सव्वाशे ग्रॅमचे असते, म्हणजे एका मोठ्या लिंबाएवढे. अंगाची ऊब स्वतः राखणे त्याला जमत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही. आईने चाटल्याशिवाय त्याला लघवी-शौचही होत नाही. पहिल्या दिवसाचा चीक मिळाला तर रोगांशी लढण्याची शक्ती मिळते. तो दिवस हुकला की ती संधी गेली. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, त्यानंतर थोड्याच दिवसांत कान. तिसऱ्या आठवड्यात ते धडपडत चालू लागते आणि दुधाचे दात दिसू लागतात.

यापुढचा काळ सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी नाते जोडायला शिकते, हे त्यांच्या कामातून पुढे आले. भावंडांशी दंगा करताना जोरात चावले की समोरचे पिल्लू केकाटते आणि खेळ थांबतो. दात किती लावायचा याचा पहिला धडा तो हाच. महिन्याचे पिल्लू उचलून आणले की या शाळेतून त्याचे नाव कमी होते. पुढे तेच कुत्रे पाहुण्यांच्या पायाला लागते, आणि आपण 'छोटी कुत्री जात्याच चिडकी' असा शेरा मारून मोकळे होतो. मोठ्या कुत्र्याने दात दाखवले तर आपण आवरतो, लहानाने दाखवले तर हसतो. स्वभाव बिघडण्यात या हसण्याचाही वाटा आहे.

'लहानपणी आणले की लळा लवकर लागतो,' असे पुष्कळजण म्हणतात. लळा लागण्याचा काळ तिसऱ्या महिन्यापर्यंत चालू असतो. त्यामुळे दहाव्या आठवड्यात आणलेले पिल्लूही तितकाच जीव लावते. दुसरा युक्तिवाद असा, की गावठी कुत्रीची पिल्ले उकिरड्यावर वाढतातच ना? त्यांपैकी किती मरतात हे आपण मोजत नाही, हे एक. शिवाय अंग जितके लहान, तितकी त्यातली ऊब लवकर निघून जाते, आणि यकृतातला साखरेचा साठाही तितकाच तुटपुंजा. या दुसऱ्या कारणामुळेच मला सर्वाधिक काळजी वाटते.

टॉय जातीचे पिल्लू तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत काही तास उपाशी राहिले, फार दमले किंवा गारठले, तर त्याच्या रक्तातील साखर एकदम उतरते. आधी ते मलूल होते, मग लटपटते, थरथरते आणि शेवटी झटके येऊन बेशुद्ध पडते. लोक याला फिट समजतात, कांदा हुंगवतात, आणि मोलाचा वेळ जातो. अशा वेळी साखरेचे घट्ट पाणी किंवा मध बोटावर घेऊन हिरड्यांना चोळावा, पिल्लाला उबदार कापडात गुंडाळावे आणि तडक दवाखाना गाठावा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पाणी वा दूध ओतू नये. ते फुप्फुसात जाते. हे टाळण्यासाठी दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खायला द्यावे. घरात चतुर्थी असली तरी पिल्लाला उपास घडवू नये. गाईचे दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात; भिजवून मऊ केलेले पिल्लांचे खाद्य बरे.

विकत घेताना वय कसे ओळखावे? पिल्लाचे तोंड उघडून पाहावे. दुधाचे एकूण २८ दात असतात आणि ते साधारण आठव्या आठवड्यापर्यंत येतात. टॉय जातींत थोडा उशीरही होतो. पण पुढचे दात नुकतेच टोचू लागलेले आणि मागच्या दाढा नाहीत, असे दिसले तर विक्रेता सांगतो त्या वयाबद्दल शंका घ्यावी. पिल्लाची आई दाखवा, असा आग्रह धरावा. दाखवायला टाळाटाळ झाली तर परत फिरावे. 'टी-कप' नावाची जात अस्तित्वात नाही. त्या नावाखाली बहुधा अशक्त किंवा वयाने फारच लहान पिल्लू खपवले जाते. माझ्याकडे एक कुटुंब असेच पिल्लू घेऊन आले होते. पंधरा हजार मोजले होते, वजन चारशे ग्रॅम भरले नाही. चौथ्या दिवशी ते गेले. घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचे, हा प्रश्न त्या वडिलांनी मला विचारला. त्याचे उत्तर खरे तर विक्रेत्याने द्यायला हवे होते.

घरी आणल्यावरही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. सोफ्यावरून मारलेल्या उडीने या पिल्लांच्या पुढच्या पायाचे हाड मोडू शकते. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच त्याला मांडीवर घ्यावे. चिवावाच्या पिल्लाच्या टाळूवर मऊ जागा असू शकते, तिथे मार लागू देऊ नये. श्वासनलिका नाजूक असते, म्हणून गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीला बांधायचा पट्टा वापरावा. सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचे दात पडले नाहीत तर ते काढून घ्यावेत. पग आणि शिह त्झू यांचे नाक चपटे असल्याने त्यांना आपला उन्हाळा सोसत नाही. वैशाखातल्या दुपारी त्यांना बाहेर नेणे म्हणजे जिवाशी खेळ.

माणसांच्या आरोग्याच्या दृष्टीनेही दोन गोष्टी सांगतो. पिल्लाला आईकडूनच जंत येतात आणि ते मुलांनाही बाधू शकतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून जंताचे औषध सुरू करावे लागते. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपरची लस, पुढचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस. 'घरातलेच कुत्रे, एवढेसे तोंड, त्याला कशाला इंजेक्शन?' हा विचार धोक्याचा आहे. दात केवढाही असो, रेबीज तोच असतो.

एवढा वेळ, एवढे लक्ष देणे जमणार नसेल, तर आपल्या गल्लीतले एखादे काटक देशी पिल्लू लसीकरण करून पाळावे. ते आपल्या हवेत सहज रुळते.

इंग्रजीत या जातींना 'टॉय' म्हणतात, आणि तिथेच गफलत होते. खेळणे मोडले तर दुसरे आणता येते. हा जीव मात्र नीट वाढला तर बारा-पंधरा वर्षे तुमच्या उंबऱ्यात राहणार आहे. एवढ्या सोबतीसाठी आणखी महिनाभर थांबणे जड जाऊ नये. विक्रेत्याला ठणकावून सांगा, की आम्ही पैसे देऊ, पण पिल्लू दहा आठवड्यांचे झाल्यावरच नेऊ. गिऱ्हाईकच असे बोलू लागले, तर खोक्यातला हा बाजार आपोआप आवरेल.