गर्भिणीचा घोगरा आवाज

आमचा एक जुना विद्यार्थी, आतां स्वतःच सासरा झालेला, गेल्या वर्षीं संकोचत आमच्याकडे आला. त्याच्या सूनबाईचा आवाज सहावा महिना सरतां सरतां घोगरा होऊं लागला होता. ओठावरची लव दाटली, हनुवटीवर राठ केस दिसूं लागले, गालांवर पुटकुळ्या उठल्या. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया हर्षल्या. पोटांत मुलगा आहे, त्याचेंच तेज आईच्या मुखावर उमटलें! सून मात्र डोहाळजेवणाच्या दिवशीं खोलीबाहेर आली नाहीं. सुश्रुतानें गर्भिणीस ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटलें आहे. तेव्हां या समजुतीस शास्त्राधार असावा काय, असा विद्यार्थ्याचा प्रश्न. आम्ही म्हणालों, “बाबा, सुश्रुतानें हृदयें दोन सांगितलीं, दाढी सांगितली नाहीं. मुलीला डॉक्टरकडे ने.”

पुढें एका डॉक्टरबाईंकडून आम्हीं विषय समजून घेतला, तो वाचकभगिनींपुढें ठेवतों. अँड्रोजन नांवाचे पुरुषी अंतःस्राव प्रत्येक स्त्रीच्या शरीरांत थोडे असतातच. गर्भारपणीं क्वचित् अंडाशयांतील कांहीं पेशी फाजील वाढून त्यांची गांठ बनते आणि हे स्राव बेसुमार होतात. या गांठीस ल्यूटिओमा म्हणतात. स्टर्नबर्ग या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञानें तिचें वर्णन १९६३ सालीं केलें. दुसऱ्या एका प्रकारांत दोन्ही अंडाशय द्रवाच्या फोडांनीं फुगतात. जुळें किंवा द्राक्षगर्भ असतां तो विशेष आढळतो. पोटांतला जीव मुलगा कीं मुलगी याच्याशीं यांतील कशाचाही संबंध नाहीं. (तें सोनोग्राफीवाल्यास विचारणें १९९४ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें, म्हणून आमचे लोक हनुवटीचे केस मोजूं लागले कीं काय, कोण जाणे!)

ल्यूटिओमा हा कर्करोग नव्हे. पुष्कळदां बाहेर कांहींच लक्षण नसतें, आणि शस्त्रक्रियेनें प्रसूति करतांना गांठ अवचित दृष्टीस पडते. तिला पीळ पडला किंवा रक्तस्राव झाला तर गोष्ट निराळी. एरवीं बाळंतपणानंतर ती आपोआप ओसरते. हें ठाऊक नसल्यानें चांगला अंडाशय काढला जाण्याचा धोका असतो. आमच्या सूनबाईसही एकानें तोच सल्ला दिला होता. दुसऱ्या डॉक्टरांनीं रक्त तपासलें, प्रतिमा पाहिल्या आणि थांबावयास सांगितलें.

खरी काळजी मुलीच्या गर्भाची. वारेंत या स्रावांचें स्त्रीस्रावांत रूपांतर करणारें एक द्रव्य असतें. तें द्वारपालासारखें गर्भाचें रक्षण करतें. तें नसेल तर काय होतें, हें १९९१ सालीं जपानी वैद्यांनीं वर्णिलेल्या एका मायलेकींच्या प्रकरणांत दिसलें. परंतु ल्यूटिओमाचा लोंढा कधीं कधीं या द्वारपालासही आटोपत नाहीं. मातेवर लक्षणें उमटलीं असतां निम्म्याहून अधिक मुलींच्या बाह्य जननांगांत कमीअधिक फरक आढळतो. आंतील गर्भाशय व अंडाशय मात्र शाबूत असतात. असें मूल जन्मल्यास कुजबूज न करितां लागलीच तपासून घ्यावें. कारण असाच फरक अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारांतही दिसतो, आणि तो पहिल्या कांहीं आठवड्यांत जिवावर बेतूं शकतो.

अतिलोमा कन्या वरूं नये, असें मनूनें तिसऱ्या अध्यायांत सांगून ठेविलें आहे. आम्हीं तो श्लोक वर्षानुवर्षें शिकविला आणि वर्गांतील मुलींच्या चेहऱ्यांकडे एकदांही पाहिलें नाहीं, याची आज लाज वाटते.

सूनबाईस मुलगी झाली. किंचित् फरक होता. तपासण्या संपेपर्यंत बारसें पंधरा दिवस लांबलें. आजीबाईंनीं पहिले दोन दिवस नात मांडीवर घेतली नाहीं. तिसऱ्या दिवशीं घेतली ती अद्याप खालीं ठेवीत नाहीं. गांठ विरली, केस झडले. आवाज मात्र पूर्वपदावर आला नाहीं, आणि कित्येकींचा तो येत नाहीं असें म्हणतात. पूर्वीं काळी पांचमध्यें गाणारी ती मुलगी आतां काळी दोनमध्यें अंगाई म्हणते. आम्ही पाळण्यापाशीं बसून ती ऐकिली.