‘मंगल’ कोणी काढला?

दहावीचा निकाल लागला, की उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये घरोघरी प्रवेशाची खलबतं सुरू होतात. सायन्स मिळालं तर पेढे, कॉमर्स मिळालं तर दुकान आहेच आणि आर्ट्स म्हटलं की, ‘मग पुढे करणार काय?’ स्टेशनसमोरच्या सीएचएममध्ये तिन्ही शाखा एकाच कॉलेजात आहेत, पण त्यांच्यात सोयरीक नाही.

असं विचारणाऱ्या पालकांनी एखादं सरकारी मराठी पत्र हातात घेऊन अक्षरं न्याहाळावीत. बहुधा ती ‘मंगल’ फाँटमधली असतील. विंडोज २०००बरोबर आलेला हा फाँट र. कृ. जोशींचा. जोशी इंजिनिअर नव्हते. सुलेखनकार, कवी आणि जाहिरात क्षेत्रात मुरलेले कला-दिग्दर्शक. पुढे पवईच्या आयआयटीत शिकवलं आणि मग एनसीएसटी या संगणक-संशोधन संस्थेत देवनागरी संगणकावर बसवली.

या कामात भाषा कुठे येते? ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’. दोन्हींत र आणि य तेच. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा र. मराठी न येणारा प्रोग्रामर एकच रूप ठेवून मोकळा होईल, आणि लग्नघरी स्वयंपाकाला शंकराचार्य हजर!

उल्हासनगरला तर याहून जवळचं उदाहरण आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचं हे गाव. त्यांची भाषा अरबी लिपीतही लिहितात, देवनागरीतही. श्वास आत ओढून उच्चारायच्या चार व्यंजनांना देवनागरीत खाली रेघ द्यावी लागते: ॻ, ॼ, ॾ, ॿ. ती चारही युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या जागतिक अक्षर-प्रमाणात, यायला २००६ साल उजाडलं. ग आणि ॻ यांतला फरक कळायला कान सिंधीत तयार झालेला लागतो. नुसतं कोडिंग तिथे तोकडं पडतं.

म्हणून आर्ट्सची पदवी घेतली की आयटी कंपनी दारात गाडी पाठवेल, असं मुळीच नाही. जोशीही कागद-बोरूवर थांबले नाहीत, यंत्र शिकले. भाषेच्या विद्यार्थ्याने थोडं प्रोग्रामिंग शिकावं आणि आयटीच्या मुलाने एखाद्या भाषेचं व्याकरण नीट शिकावं. २०२०च्या शिक्षण धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेण्याची सोय आहेच. कॉलेजांनी फक्त भाषेचा तास आणि कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल एकाच वेळी ठेवू नये.