आधी बीडच्या पडद्यावर लावा

पुरस्कारांच्या यादीत झळकलेले, पण बघायचे राहून गेलेले चित्रपट या उन्हाळ्यात एकामागून एक बघून काढले. स्पष्ट सांगते, २०२४ साली 'लापता लेडीज' ऑस्करला पाठवणाऱ्यांचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही.

काय आहे त्यात? अदलाबदल झालेल्या नवऱ्या, हुंडा आणि लाचखाऊ इन्स्पेक्टर. शेवटी तोच इन्स्पेक्टर मुलीला सोडवतो आणि सगळे खूश. गोष्ट घडते 'निर्मल प्रदेशा'त, म्हणजे नकाशावर नसलेल्या राज्यात. कुठल्या सरकारला झोंबायला नको, कुठल्या ठाण्याला जाब विचारायला नको. त्याच वर्षी पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कानमध्ये ग्रां प्री मिळालं होतं. त्यातली छाया कदम यांची पार्वती मुंबईच्या इस्पितळात स्वयंपाक करते. घर आपलं असल्याचा कागद हाती नाही, म्हणून बिल्डर तिला हुसकावतो. तिचा तो संताप मला माझ्या गल्लीतला वाटला. निवड समितीने तो चित्रपट बाजूला सारला. पाठवलेला पहिल्या पंधरांतही आला नाही.

बायकांच्या दुःखावरचा चित्रपट बघताना मी एवढंच तपासते की याने तिचं काम बघितलंय का? चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ने बघितलंय. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. झुरळं बाहेर आली म्हणजे आत हवा आहे, असं समजून नवरा उतरायचा, हे ती सरळ आवाजात सांगते. तिच्या तोंडी एक शब्द जास्तीचा नाही. त्या एका साक्षीने व्यवस्थेचं पितळ उघडं पडतं. २०१५ मध्ये भारताने हा चित्रपट ऑस्करला पाठवला होता. नामांकन मिळालं नाही, याने त्याच्या किमतीत काही फरक पडत नाही.

आता आमच्याकडे, बीडला या. ऊसतोडणीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून गाडीत टाकते. कामाचा दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. पाळी म्हणजे खाडा, अंग दुखलं तरी खाडा. मग डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अख्खी गावं भरतील एवढ्या बायका आहेत या!

यावर अनंत महादेवन यांनी 'बिटरस्वीट' हा मराठी चित्रपट केला. २०२० मध्ये तो बुसानच्या महोत्सवात किम जिसोक पुरस्काराच्या स्पर्धेत होता. अक्षया गुरव यांनी साकारलेल्या सगुणाच्या चेहऱ्यावरचा थकवा खोटा नाही. चित्रपट जागोजागी फार समजावून सांगतो, हेही मला खटकलं. पण त्याने बीडचं नाव घेतलं, खोट्या प्रदेशामागे दडला नाही, म्हणून 'लापता लेडीज'च्या कितीतरी वर मी त्याला ठेवते.

बुसानचा महोत्सव साधारण ऑक्टोबरात भरतो. त्याच सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोद्याच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. जिच्यावर गोष्ट बेतली ती बाई उसाच्या फडातल्या कोपीत, आणि तिच्यावरची चर्चा कोरियात. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मराठी चित्रपटांना सरकार अनुदान देतं. त्यात एक अट घाला: ज्या जिल्ह्यावर चित्रपट काढला, तिथल्या गावांत तो फुकट दाखवायचा.

'असले जड चित्रपट त्या बायका बघणार नाहीत' हे मला पुन्हा कुणी सांगू नका. जत्रेत रात्रभर तमाशाला गर्दी करणारी माणसं आहेत ही. दीड-दोन तासांत काय खरं आणि काय उगाच घुसडलेलं, हे त्या समीक्षकांपेक्षा आधी सांगतील. मे ते सप्टेंबर टोळ्या घरी असतात. ग्रामपंचायतीसमोर पडदा बांधा, दिग्दर्शकाला समोर बसवा आणि बायकांच्या हाती माइक द्या.