उत्तर ८७ मिनिटे, वेळापत्रक दोन तासांचे!

गणिताच्या पुस्तकात हमखास आढळणारा प्रश्न घ्या : विमानाचा वेग ताशी ८०० कि.मी. आहे, तर पुण्याहून दिल्लीस पोचण्यास किती वेळ लागेल? अंतर दिलेले नाही म्हणून थांबू नका. ते तुम्हांला काढता येते.

लोहगावचा विमानतळ १८° ३५′ उत्तर अक्षांश व ७३° ५५′ पूर्व रेखांशावर आहे, दिल्लीचा २८° ३४′ व ७७° ६′ वर. अक्षांशांतला फरक जवळजवळ १० अंश. एका अंशास १११ कि.मी. या हिशेबाने उत्तरेकडे सुमारे १,११० कि.मी. झाले. रेखांशांतला फरक ३° ११′. परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून या पट्ट्यात त्यांचा एक अंश सुमारे १०२ कि.मी. भरतो. म्हणजे पूर्वेकडे ३२५ कि.मी. आता पायथागोरसला हाक मारा. कर्ण येतो सुमारे १,१५५ कि.मी. (पृथ्वी गोल असल्याने किंचित फरक पडतो, पण एवढ्या अंतरास तो नगण्य.) आठशेने भागा : ८७ मिनिटे.

वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक वेळ असतो!

बहुतेक वर्गांत ८७ वर बरोबरची खूण होते आणि पुढचे उदाहरण सुरू होते. माझी तक्रार आहे ती इथे. उरलेल्या चाळीसेक मिनिटांचा हिशेब कोणी मागतच नाही, आणि गंमत तर तिथेच आहे. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतची असते. लोहगाव हा वायुसेनेचा तळ. लढाऊ विमानांची उड्डाणे त्याच धावपट्टीवरून होतात, तेव्हा प्रवासी विमानास खोळंबावे लागते. ही धावपट्टी पूर्व-पश्चिम, दिल्लीच्याही साधारण तशाच, आणि जायचे उत्तरेस! म्हणजे दोन्हीकडे वळसे आले. शिवाय दहा कि.मी. उंची गाठताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगाने जात नाही.

वाऱ्याचे तर स्वतंत्र प्रकरण आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. पुणे-कोलकाता अंतर सुमारे १,५८० कि.मी.; वारा ताशी १०० कि.मी. धरला तर जाताना पावणेदोन तास, परतताना सव्वादोन. जाताना वाचलेला वेळ परतताना गमावलेल्या वेळेपेक्षा थोडा कमीच भरतो. का, ते करून पाहा.

अभ्यासक्रम संपवायचा असतो, वेळ कोठून आणावा, असे शिक्षक म्हणतील. अडचण खरी आहे. पण अशा दहा उदाहरणांऐवजी एकच द्यावे, सोबत खरे वेळापत्रक द्यावे, आणि फरक कशामुळे पडला याला निम्मे गुण ठेवावेत.

नागपूर तुमच्यासाठी ठेवतो : २१° ६′ उत्तर, ७९° ३′ पूर्व. तिथे रेखांशाचा अंश किती कि.मी. धरायचा, हे आधी ठरवा.